डांबरच्या उंचीवरून

डांबरचा फोटो येत नाही.
येतो तो सोफ्यावर पडलेला एक खड्डा
आणि खड्ड्यात दोन हिरवे दिवे.

रिंग रोडचं काम चालू होतं तेव्हा
चारी पंजे माखून दारात उभा राहिला,
रॉकेलनं पुसता पुसता नाव पडलं.
आता अकराचा आहे. हनुवटी पांढरी झालीय,
पण फोटोत तीही फ्लॅशमध्ये जळून जाते.

शलाका पुण्याहून विचारते,
"हा डांबर आहे की उशी?"

सक्करदऱ्याचे निनावे
चाळीस वर्षं पासपोर्ट फोटो काढत आले:
मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका.
माझा मोबाईल हातभर लांब धरून म्हणाले,
"वहिनी, तुम्ही उभ्यानं काढून राहिल्या.
उभ्या माणसाले कुत्र्याची फक्त पाठ भेटते.
अन् तो फ्लॅश पहिले बंद करा जी.
काळ्याले उजेड बाजूनं लागते,
समोरून मारला का तो चोर दिसते.
अन् नाव घेऊ नका.
नाव घेतलं का तो उठून येते,
मंग फोटोत नुसतं नाक."

मे महिना. सकाळचे साडेसहा.
यानंतर नागपुरात उजेड नसतो, ऊन असतं.
कूलरच्या वाळ्यातून गाळून आलेला
ओला उजेड फरशीवर,
आणि त्यात डांबर, मागचे पाय बेडकासारखे पसरून.

एक गुडघा टेकला.
दुसरा, देवाचं नाव घेत.
मग कोपर. मग गाऊनची पर्वा सोडून
सगळीच्या सगळी आडवी झाले.

इथून घर निराळं आहे.
दिवाणाखाली शलाकाचं दहावीतलं खोडरबर.
सिलेंडरचं गंजलेलं कडं.
दाराखालच्या फटीतून
दूधवाल्याची चप्पल, पेपरवाल्याच्या सायकलचं चाक,
कुणाचे तरी अनवाणी, घाईतले पाय.
अच्छा. म्हणजे यांच्यावर भुंकतो तर!
आणि मी अकरा वर्षं म्हणत आले,
"गप, कोणी नाही."

नाव घेतलं नाही.
कूलरचा पंप खरखरला,
त्यानं मान वळवली,
मी त्याच्या डोळ्यावर बोट टेकवलं, आणि दाबलं.

काळ्यात काळं पहिल्यांदा वेगळं दिसलं:
मानेशी तपकिरी, कानामागं राखाडी,
हनुवटीचे पांढरे केस मोजून घ्यावेत असे.
मागे खुर्चीचे पाय,
सागाच्या जंगलासारखे उंच, धूसर.

पाठवला. दोन निळ्या खुणा. लगेच फोन.
"आई! तू खाली कशी? पडलीस का?"
"नाही गं बाई, फोटो काढून राहिली."
"खोटं नको बोलू. कॅमेरा जमिनीवर आहे."
"मग मीही आहे ना जमिनीवर.
हा तोंड चाटून राहिला माझं.
फोटो कसा आला ते सांग आधी.
उठायचं कसं, ते नंतर पाहू."