काट

छावणीतून लोडिंग रिक्षात बसून आली ती
रामबागेच्या आमच्या गल्लीत,
पांढरा रंग टवके उडालेला, पायथ्याला दोन हँडल,
सहाशे रुपये महिना, डिपॉझिट वेगळं.
पावतीवर दुकानदाराने लिहिलं होतं: काट, एक नग.

आणणारा गेंदालाल. जिन्यातूनच ओरडला,
"मैडमजी, खाट किधर धरनी?"
आणि मी, आत सतरंजीवर नवरा अर्धा लुळा पडलेला,
मी म्हणाले, "खाट नाही. कॉट."

बत्तीस वर्षांची खोड.
सहावी ब ला मी तोंड उघडून दाखवायचे:
जबडा खाली, ओठ किंचित गोल, आणि लगेच मिटा.
कॉट. लांबवलंत तर 'पकडलं' होईल,
ओठ पुढे काढलेत तर अंगात घालायचा कोट.
बेबी वर्मा दर वर्गात कोटावर झोपायची.
मुलं हसायची.
मीही हसायचे, हे आत्ता आठवतंय.

गेंदालालने खिडकीपाशी खाट धरली.
तांब्याभर पाणी प्यायला. म्हणाला,
"इस पे से तो सब ठीक होके उठते हैं,"
आणि कुणा न उठलेल्याची आठवण आल्यासारखा
पायाने पायपुसणं सरळ करत राहिला.

रात्री झोप नव्हती. शब्दकोश काढला,
शाळेने निरोपाला दिलेला, शालीसकट.
अर्थ बघायचा नव्हता, तीन वाजवायचे होते.
सी, ओ, टी. हलका बिछाना, हलवता येण्याजोगा.
विलायतेत तान्ह्या बाळाचा, कठड्यांचा.
आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत:
हिंदीतून. खाट.
त्याच्याही मागे, संस्कृत खट्वा.

म्हणजे इथलीच. सुतळीची, एक पाय आखूड असलेली.
कुणी गोऱ्याने ऐकली असेल, जहाजावर चढवली असेल,
ख मधला श्वास वाटेत कुठे खाऱ्या पाण्यात सांडला,
आ आखडून ऑ झाला,
आणि लोखंडी पाय लावून घरी आली
तेव्हा दारात मी उभी,
पट्टी घेऊन.

सकाळी ह्यांना सांगितलं.
हे संस्कृतचे. उजवा हात गेला, ओठाचा कोपरा गेला,
आणि क गेला. काकडी, कपाट, माझं नाव कुमुद,
सगळी दारं एका रात्रीत बंद.
ख मात्र राहिला, कसा कोण जाणे,
घशात अडकलेल्या खाकऱ्यासारखा.

बराच वेळ छताकडे बघत होते.
मग, "ख... खट्..."
मी हँडल फिरवून डोकं वर घेतलं.
"खट्वा... रूढ."

अग बाई.
गुरूची आज्ञा नाही, विद्या अर्धी,
आणि जो खाटेवर चढून बसला, तो खट्वारूढ.
रविवारी नऊपर्यंत लोळणाऱ्या आमच्या मुलाला
ह्यांची हीच ठेवणीतली शिवी.
आज स्वतःला घातली. डाव्या बाजूने हसले.

थेरपीवाली मुलगी सांगून गेली होती,
तोंडासमोर तळहात धरा.
क ला वारा लागत नाही. ख ला लागतो.
धरला.
"ख," ते म्हणाले.
लागला. कोमट, औषधाच्या वासाचा.
पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा.
शेवटी वैतागून त्यांनी माझा हातच बाजूला केला,
डाव्या हाताने.

एक तारखेला गेंदालाल भाड्याला आला.
"खाट रखनी, कि उठानी?"
"राहू दे," मी म्हणाले, "खाट."
त्याचं लक्ष नव्हतं. नोटा मोजत होता.
पावतीवर पुन्हा लिहिलं: काट.
मी पेन मागितलं नाही.