साडेआठची नोंद

सकाळी साडेआठला रेवणसिद्ध कोरे
तारेच्या कुंपणाबाहेर चपला काढतात.
देवळात काढावी तशी नव्हे,
आतली हराळी तुडवली जाऊ नये म्हणून.
मग तसराळ्यावर वाकतात.

चार फूट रुंद, वीतभर खोल,
लाकडी घडवंचीवर ठेवलेलं पत्र्याचं तसराळं.
वरची जाळी पाखरांसाठी.
तरी एक होला रोज येतो, जाळीवर बसतो,
पाण्याकडं बघून परत जातो.
त्याला वहीत रकाना नाही.

कालच्या खुणेला पाणी टेकेस्तोवर
अण्णा मापानं ओतत राहतात,
ओठांत कन्नड मोजत, ओंदु, एरडु, मूरु,
आणि वहीत मराठीत मांडतात:
तेरा पॉइंट सहा.
एका दिवसात एवढे मिलिमीटर
सोलापूरच्या हवेनं नेले.

माझ्यापुढं जिल्ह्याचा नकाशा, चौकटी-चौकटींचा.
करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत
प्रत्येक चौकटीत एक आकडा हवा:
इथल्या जमिनीनं आज आभाळाला किती दिलं.
उपग्रह नुसतं तापलेपण सांगतो.
बाकी अंदाज.

पहिल्या वर्षी मी तेरा पॉइंट सहाला
थोडी कात्री लावली आणि सगळीकडं पसरला,
भाकरीवर शेंगाचटणीचं तेल पसरावं तसा.
मोहोळच्या नांगरटीवर,
मंगळवेढ्याच्या काळ्या रानावर,
जिथं भेगेत हात कोपरापर्यंत जातो.
बेरीज केली तर एकट्या मे महिन्यात
जिल्ह्यानं अख्ख्या उजनीहून जास्त पाणी उडवलं होतं.

अण्णांनी कागद लांब धरून वाचला.
"बाई, तसराळ्यातनं गेलं
म्हणून रानातनं बी गेलं म्हणता?
रानात हायच काय जायाला?"

त्या रात्री मला नान्नांची दोरी आठवली.
साखर पेठेत, रंगखान्याच्या मागच्या गच्चीवर
टॉवेल दाटीनं टाकले की
मधले दुपारपर्यंत ओलेच राहायचे,
एकमेकांची ओल हुंगत.
आणि टोकाच्या रिकाम्या दोरीवर
जागा उरली म्हणून टाकलेला एकटा टॉवेल
चहा उकळेस्तोवर कडक.
नान्ना हाताच्या पाठीनं ओल बघत.
त्या हाताला मिलिमीटर माहीत नव्हता,
रंग माहीत होता, नखांतून न गेलेला.

तसराळं म्हणजे तो एकटा टॉवेल.
भोवती कोसभर सुकं रान,
वाऱ्याची तहान वाटून घ्यायला कुणी नाही,
म्हणून सगळा वारा त्याच्यावरच येतो.
जमीन गप्प झाली की त्याचा आकडा चढतो,
श्रावणात रान बोलू लागलं की उतरतो.
इतकी वर्षं वहीत जे मोठं दिसत होतं
ते रानात नसलेलं पाणी होतं.

आता मी हिशेब उलटा मांडते.
तसराळ्याचा आकडा जेवढा वर,
तेवढा चौकटीतला खाली.
बोरामणीकडं शून्य पॉइंट चार. कधी तीन.
भीमेच्या काठानं, उसाच्या हिरव्या रेघेत,
सहापर्यंत जाते.
पुण्याहून फोन येतो, चूक किती धरायची?
वीस टक्के, मी सांगते. वाईट दिवशी तीस.
नान्नांचा हात एवढा चुकत नसे.
पण त्यांना एकच दोरी होती.

परवापासून जाळीचा एक कोपरा उसवलाय.
अण्णांनी शेऱ्याच्या जागेत लिहिलंय:
जाळी तुटली. होला प्याला.
अंदाजे अर्धा पॉइंट वजा.
मी विचारलं, जाळी कधी शिवणार?
उद्या, म्हणाले.
तीन दिवस झाले, उद्याच चाललंय.