चार इंची एल्बो, नव्वद अंश

रबाळ्याला, नाल्यापलीकडच्या गाळ्यात
माझं टेबल शटरच्या उजव्या हाताला.
टेबलावर लोहचुंबक, नऊ व्होल्टची बॅटरी,
द्रावणाची बाटली, बूच हरवलेली.
बाकी सगळीकडे स्टील:
एल्बो, टी, रिड्यूसर, कॅप.
सरळ जाणं पाइपला आपसूक जमतं.
वळायचं कुठे, फुटायचं कुठे,
बारीक कधी व्हायचं, कधी थांबायचं,
ते आमच्याकडून जातं.

आईनं विचारलं होतं, बनवता काय गं तुम्ही?
म्हटलं, कोपरं.
हसली. कोपरखैरण्यात राहायचं नि कोपरं बनवायची.
आमच्या वर्ध्याकडे पातेल्याला गंज म्हणतात.
गंजाला गंज चढत नाही,
ही तिची स्टीलची व्याख्या.

चढू पाहतो, आई. दर क्षणी.
क्रोमियम हवेतला प्राणवायू घेऊन
न दिसणारी साय धरतं अंगावर.
ओरखडा काढ, साय पुन्हा धरते.
फक्त मोकळी हवा लागते.
कोंडलं की हरतं.

आणि मिठापुढे.
पॅकिंगच्या पुंडलिक मढवीचा बाप
मिठागरात झिजला.
पुंडलिक सांगतो, मीठ समोरून येत नाही.
टाचेला टाचणीएवढं भोक,
आत बोट जाईल एवढी पोकळी.
स्टीलचंही अगदी तसंच, मी म्हणाले,
तर तो माझ्या टेबलाकडे
पहिल्यांदा आदरानं बघायला लागला.

म्हणून तीनशे सोळा.
त्यात शंभराला दोन भाग मॉलिब्डेनम,
आमटीत हिंग असावा तसं.
तीनशे चारला मी नावं ठेवत नाही.
डेअरीतलं दूध, खोकल्याचं औषध,
सरबताच्या कारखान्यातला पाक,
सगळं त्याच्यातून सुखानं वाहतं वर्षानुवर्षं.
फक्त त्याला समुद्रावर पाठवू नये.

शुक्रवारी साठ एल्बो आले पॅकिंगआधी.
चार इंची, नव्वद अंश, पाठीवर कोरलेलं तीनशे सोळा.
जायचे होते खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या प्लान्टला.
चुंबकाला दोन्ही ग्रेड सारखेच परके,
त्याला विचारून उपयोग नव्हता.
थेंब ठेवला. तार टेकवली.
कातासारखा तांबडा यायला हवा होता.
थेंब फिकाच.
दुसरा नग. अकरावा. चाळिसावा.
फिका, ओळख न दाखवणारा.

सबनीससाहेब स्वतः चहा घेऊन आले.
चार वर्षं पुढच्या दिवाळीला पर्मनंट करतायत मला;
कोपराला गूळ लावायचा म्हटलं
तर आमच्या धंद्यात कोपरांना काय तोटा.
म्हणाले, कोरलंय ना सोळा? मग सोळा.
पाइपच्या आत बघायला कोण जातंय?
मग आवाज खाली आणून,
खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.

मला हसू आलं बहुतेक,
कारण आत मीठच जाणार होतं बघायला.
रात्रंदिवस, नेमकं वळणावर,
जिथे पाणी भिंतीला थोबाडून पुढे सरकतं.
आणि चहात साखर जास्त होती.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
हीट नंबर, नग साठ, मॉलिब्डेनम आढळलं नाही.
खाली सही. एरवी नुसतं ‘सु. बो.’ लिहिते,
त्या दिवशी अख्खं लिहिलं, सुकेशिनी बोरकुटे,
अक्षर जरा वाकडं आलं.

सोमवारी टेबल तिथे असेल की नाही, माहीत नाही.
साहेब फोनवर होते, शटर अर्धं खाली.
पुंडलिकला पेट्या ठोकायला सांगितलं होतं.
तो म्हणाला, हातोडी सापडत नाही साहेब,
सकाळपासून शोधतोय.
त्याच्या डब्याच्या पिशवीतून
दांडा चांगला वीतभर बाहेर आला होता.