खिडक्या लावा

उक्षी सुटली की दमयंती भुवड उठायची.
मांडीवरच्या अळूच्या जुड्या शेजारणीच्या मांडीवर,
पदर कमरेला,
आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी हाळी :
"आवो, खिडक्या लावा, बोगदा आला!"

पत्र्याच्या झडपा धाडधाड खाली यायच्या.
मग करबुड्याच्या पोटात नऊ-दहा मिनिटं
आम्ही सगळे एकाच धुराचे.
कोर्टातले शिरस्तेदार, नर्सिंगच्या पोरी,
दाढेवर हात दाबून बसलेला कुणीतरी,
मी, दस्तनोंदणीत नकला उतरवणारी.
तोंडाला रुमाल, डोळे मिटलेले,
जणू एकाच आजाऱ्याच्या उशाशी बसलोय.

पुढं इंजिन.
कागदावर त्याला पाच आकडी नंबर होता,
आम्ही म्हैस म्हणायचो.
चढावर रेकायची म्हणून.
क्रॉसिंगला तास तास अडकली तरी
तिचं रवंथ चालूच,
टपरीवर बशीतला चहा थरथरायचा.
इसाक परकार तिचा डायव्हर, खेडचा.
राजधानीला वाट द्यायची असली की खाली उतरून
इंजिनाच्या तापल्या अंगाला डबा टेकवायचा,
कुळथाची पिठी गरम होईपर्यंत
विडीशिवाय उभा राहायचा, आणि म्हणायचा,
"मोठ्या लोकांना घाई असते, बाय.
आपल्याला नुसता उशीर असतो."

वास केसांत बसायचा.
शिकेकाईनं हटायचा नाही,
रविवारीसुद्धा उशीला यायचा.
मला बघायला आलेल्या मुलानं विचारलं,
हा वास कसला?
मी म्हटलं, नोकरीचा.
(तो परत आला नाही. पगार येत राहिला.)

मग खांब आले,
डोंगराला टाके घालत घालत.
तारा आल्या.
आणि एका मंगळवारी म्हशीच्या जागी
पांढरंशुभ्र काहीतरी
न खोकता सुटलं.
उक्षी गेली. दमयंती उठली,
जुड्या शेजारणीकडे दिल्या, पदर खोचला,
तोंड उघडलं,
आणि तसंच राहिलं.
बोगदा आला. धूर आलाच नाही.
तिनं जुड्या परत मागून घेतल्या
आणि रत्नागिरी येईपर्यंत
एकेक पान पुसत बसली.

म्हैस सापडली मालधक्क्यामागं,
गंजक्या रुळांवर, गवतात.
दसऱ्याचा झेंडू दांडीला अजून लटकलेला, काळा.
दारावर खडूनं लिलावाचा आकडा.
मी तळवा टेकवला. गार.
नाक जवळ नेलं, कुणी बघत नाही असं बघून.

बघत होता भिकू गुरव.
बोगद्यातला कीमन, आता पेन्शनीत.
मी ओशाळून म्हटलं, वास आठवतो हो.
तो हसला, आणि हसता हसता
खोकला मध्येच घुसला, बराच वेळ थांबला.
"गाडीचा आवाज आला की कोनाड्यात शिरायचं,
पंचा भिजवून तोंडावर धरायचा.
गाडी जायची. धूर जायचा नाय.
पुन्हा हातोडा, पुन्हा चाव्या ठोकीत चालायचं.
बावीस वर्षं.
तुझा तो केसातला धुऊन गेला ना, बाय?
माझा कुठं धुवू?"

मी त्याला चहा पाजला.
बशी टेबलावर, चहा बशीत,
समोरून गाडी गेली
आणि चहा हलला नाही.
त्यानं बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि फुंकर मारून प्यायला.

संध्याकाळी परतीला खिडकी उघडीच ठेवली.
कातळाचा ओला वारा, झिरपत्या पाण्याचा वास,
डब्याचा उजेड भिंतीवरून पळत होता,
आणि थोड्या थोड्या अंतरावर
एक कोनाडा,
माणूस उभा राहील एवढाच.
मग आणखी एक.
इतकी वर्षं इथून गेले,
पहिल्यांदाच दिसत होते.
मी मोजायला लागले.
चाळिसाच्या पुढं कुठंतरी आकडा चुकला.