इतिवृत्त, विषय क्रमांक सत्तावीस

सभा साडेअकराची, सुरू झाली सव्वाबाराला.
पंखे तीन, फिरत होते दोन.
मी इतिवृत्त लिहिणारा,
डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या जारला टेकून.
सगळे माझ्याकडं येतात,
जारसाठी.

विषय सत्तावीस:
सांगली, कुंथूनगरच्या मागचा ओत, एक हेक्टर चार आर,
हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घेणेबाबत.
अर्जदार सुकुमार भरमू उपाध्ये.
प्रयोजन मंगल कार्यालय.

टेबलावर नकाशा अंथरला,
कोपरे उडू नयेत म्हणून चार कपबशा.
नगररचनाकारांनी पट्टी ठेवून निळी रेषा दाखवली:
जागा रेषेबाहेर आहे. चार मीटर.
या सभागृहाची रुंदीसुद्धा याहून जास्त.
पाण्याला ही पट्टी कोण दाखवणार
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मला फक्त लिहायचं असतं.

मगदूमबाई पार्किंगवर बोलल्या, मग डीजेवर,
मग परत पार्किंगवर.
मागच्या बाकावरून एकजण म्हणाला,
आज आयर्विनला किती हाय?
एप्रिल महिना. हसले सगळे.
तरी दोघांनी फोन काढून बघितलं.

कॉलनीतले नऊजण आले होते,
आणि एक दार.
मधल्या खोलीचं, बिजागऱ्यांसकट, टेम्पोतून आणलेलं.
गेटवर शिपायानं अडवलं,
दाराला प्रवेशपत्र नव्हतं.
त्याच्या सागवानी कडेला पेन्सिलीच्या खुणा,
पोरींच्या उंचीच्या. शबाना, सात वर्षं. शबाना, नऊ.
आणि मधून मधून चाकूनं कोरलेल्या,
पाच. एकोणीस. एकवीस.
एकोणीसचं पाणी
शबानाच्या शेवटच्या उंचीहून चार बोटं वर.

रेहाना मुजावर म्हणाल्या,
लग्नं नकोत असं न्हाई आमचं.
आमच्याबी दोन पोरी हाईत.
पण ओतात भराव टाकलासा
तर पाण्यानं बसायचं कुठं?

मी लिहिलं:
'उपस्थित नागरिकांनी पाणी बसण्याबाबत हरकत नोंदविली.'

मग सुकुमार उठला.
शर्टाची बाही सारखी दुमडत, उलगडत.
म्हणाला, ओत म्हणून पिकत नाही,
हिरवा म्हणून विकत नाही.
आज्ज्यापासून आम्ही फक्त घरपट्टीसारखा शेतसारा भरतोय
आणि तुमच्या कॉलनीचा कचरा सांभाळतोय.
तुमची घरं कुठं हाईत ओ?
तीबी ओतातच की. गुंठेवारीत पावती फाडली, नियमित झाली.
मी आधी कागद घेऊन आलो
तर पाणी अडवणारा मीच?

पंख्याचा आवाज आधीपासूनच होता,
तेव्हा ऐकू आला.
कॉलनीतले दोघे पुरुष एकदम काहीतरी बोलायला लागले
आणि एकमेकांत अडकून थांबले.

होय, मुजावरबाई म्हणाल्या. ओतातच हाय आमचं.
म्हणून तर ठावं हाय.

महापौरांनी घड्याळ बघितलं.
स्थळपाहणी करावी, अहवाल मागवावा,
विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
मंजूर नाही, नामंजूर नाही.
कपबशा उचलल्या तसा नकाशा
आपणहून गुंडाळला गेला.

लिफ्ट बंद होती.
खिडकीतून मी बघितलं,
जिन्याच्या वळणावर दार अडकलेलं,
वरचं टोक बाईंच्या हातात,
खालचं सुकुमारच्या.
जड बाजू त्यानं घेतली होती.
बोलत होते काहीतरी, बहुतेक
दार कुठं तिरकं करायचं त्याबद्दल.

संध्याकाळी साहेबांनी मसुदा तपासला.
'बसण्या'वर लाल रेघ मारली:
पाणी बसत नसतं हो, साचतं.
मी परत टाइप केलं.
'पाणी साचण्याची शक्यता व्यक्त केली.'
त्यांनी सही केली, मी शिक्का.

एक मात्र कुठंच लिहिलं नाही,
ते कोणत्या रकान्यात घालावं कळेना.
त्या दारावर, एकोणीसच्या वर,
वीतभर लाकूड
अजून कोरं आहे.