तांब्याची तार

बस वाडसोला पोचते तेव्हा दुपारचा एक झालेला असतो, आणि अंधार.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य आता जानेवारीतच तोंड दाखवील.
तोवर इथल्या माणसांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या
आपणहून मोठ्या होऊन बसलेल्या;
थेंब घालावे लागत नाहीत मला.
हनुवटी इथे, कपाळ तिथे,
हिरव्या ठिपक्याकडे पाहा, मिचकावू नका.
लख्ख.

तोर्लाइफ मिक्केलबोर्ग, वय एकाहत्तर,
आला होता फक्त चष्म्यासाठी:
गळाच्या नेढ्यात दोरी जात नाही म्हणाला.
टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं लाइनमन.
हात गुडघ्यांवर ठेवलेले,
जणू ते कुणीतरी सांभाळायला दिलेत.

पडद्यावर त्याचा डोळा उगवला,
दलदलीतल्या मुल्टे बोरांच्या मुरंब्यासारखा केशरी,
आणि त्यावर लाल रोहिणी, काळसर नीला.
अख्ख्या देहाला ही एवढीच खिडकी,
जिच्यातून सुरी न लावता शिरा दिसतात.

त्याने खुर्ची पुढे ओढली.
"ही लाइन कुणी टाकली?"
मी हसले. तो नाही.
काचेला न टेकवता त्याचं बोट
एकेका फाट्यावर थांबत गेलं.
"इथे वरची तार खालचीवर बसलीय.
क्रॉसिंगला अंतर सोडायचं असतं.
आणि ही चकाकते ती बघ. तांब्याची आहे."

मी काहीच बोलले नव्हते.
आमच्या पुस्तकात तिचं हेच नाव आहे.
वर्षानुवर्षं दाब सोसून रोहिणीची भिंत जाड होते,
उजेड तिच्यावरून तांबूस होऊन परततो.
पुढे ती चांदीची होते. ते मी सांगितलं नाही.
कडेला रक्ताचा एक डाग होता, ज्योतीच्या आकाराचा.
तो त्यानेही पाहिला, आणि विचारलं नाही.

यंत्राने आकडा दिला: दहा वर्षांत, शंभरात एकोणीस.
हृदय की मेंदू, ते यंत्राला माहीत नाही.
"हा आकडा माझा,
की माझ्यासारख्या शंभरांचा?"
सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
शंभरांचा, मी म्हणाले.
"मग उरलेले एक्क्याऐंशी कुठे राहतात सांग,
त्यांच्याकडे कॉफीला जातो."

आणि मग, टोपी हातात फिरवत: ओशिल्ड.
मार्चातला मंगळवार. बटाटे सोलताना
तिचा उजवा हात सुरी विसरला.
"तुटायच्या आधी तार गुणगुणते.
खांबाला कान लावला की कळतं, वादळातसुद्धा.
तिला कान लावायचा कुठे,
ते माहीत नव्हतं आम्हाला."

मी दंडाला पट्टा बांधला. एकशे ब्याण्णव, एकशे आठ.
चिठ्ठी लिहिली: दवाखाना, आजच.
खारवलेला मासा? रोज.
सोडाल?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं,
जशी मी त्याची होडी विकायला काढली होती.
पूर्वी तार आली म्हटलं की माणसं
वाचायच्या आधीच रडत.
ही त्याने नीट वाचली, घडी घातली,
फोटोची प्रत मागून घेतली आणि गेला.

जूनमध्ये बस परत आली.
आता अंधार कुठून आणायचा? थेंब घालावे लागले.
ज्योतीचा डाग विरून गेला होता.
तांबं मात्र तांबंच.
तो थेट क्रॉसिंगवर गेला. "बसलेलीच आहे अजून."
हो, म्हणाले.
पहिला फोटो स्वयंपाकघरात आहे म्हणे,
भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी.
मासा आता तीनदा पाणी बदलून भिजवतो;
चव, त्याच्या मते, ओल्या मोज्याची.

थेंबांनी त्याला मध्यरात्रीचा सूर्य सोसवेना.
मी कोपराला धरून उतरवू लागले.
अडतीस वर्षं खांब चढलेला माणूस
बसच्या तीन पायऱ्या मोठ्याने मोजत होता.
खाली पोचून, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला,
"आणि तुझी लाइन? ती कुणी पाहिलीय?"

डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांचे चार हजार डोळे.
त्या पट्टीवर माझी हनुवटी
एकदाही टेकलेली नाही.

मला निघायचं होतं.
वार्डो पंच्याहत्तर किलोमीटर.
बसच्या मागच्या भागात ठिपका
अजून हिरवाच होता, बंद करायचा राहिलेला.