अर्धे धक्के

बांबोळीच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी
छातीच्या आधी माझ्या टाचा पाहिल्या.
टाचेमागची शीर चिमटीत धरून म्हणाल्या,
ही इतकी जाड कधीपासून?
मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांचीच असते.
बाबांची तर चपलेच्या पट्ट्यात मावत नसे.

बाबा बार्जवर तांडेल होते.
आमोण्याला खनिज भरायचं,
मांडवीतून मुरगावला न्यायचं, रिकामं परत.
एक्केचाळिसाव्या वर्षी, सारमानसच्या वळणावर
सुकाणूवर डोकं टेकून बसले.
खलाशांना वाटलं, डुलकी.
बार्ज बराच वेळ सरळ जात राहिली.

मग आईने हुमणातला नारळ अर्ध्यावर आणला.
उगमकाकाने फेणी सोडली, तळलेला बांगडा सोडला,
आणि एकोणचाळिसाव्या वर्षी गेला,
सोडायला आणखी काही उरलं नसताना.
कुणाला आजोबा आठवले,
शिगम्यात, ढोल गळ्यात असतानाच.
गावाने देवचाराचं नाव घेतलं.
आम्ही रोट दिला. विडी दिली.

तीनशे एक्केचाळीस, बाई म्हणाल्या.
कागदाच्या पाठीवर यकृत काढलं,
त्याच्या काठाने छोट्या छोट्या रेघा.
हे रिसेप्टर.
मी विचारलं, धक्के?
त्या जरा थांबल्या. हो, धक्केच.
रक्तातून चरबी येते, इथे लागते, उतरते.
तुमच्यात निम्मेच बांधलेत,
जन्माच्याही आधी.

म्हणजे भरलेल्या बार्जी,
माल उतरवायला जागा नाही,
नुसत्या फिरताहेत वर्षानुवर्षं,
आणि गाळ बसतोय
नेमका वळणांवर.

गोळी आहे. रोज रात्री, जन्मभर.
उरलेल्या चांगल्या जनुकाकडून
जास्तीचे धक्के बांधून घेणारी.
बाबांना कुणी सांगितली नाही.
बाबांची टाच कुणी पाहिलीच नाही.

घरी आले तर आई आदोळीवर.
तिला म्हटलं, तुझ्या हुमणाने नाही गेले ते.
खवणं थांबलं.
वीस वर्षं तिने हे कुणाला विचारलं नव्हतं.
काही बोलली नाही,
फक्त दुसरी वाटी उचलली
आणि तीही खवली.

राहिली शाल्मली. अकरा वर्षांची.
निम्मी शक्यता, बाई म्हणाल्या, इकडे किंवा तिकडे.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
देवीच्या अंगावर पाकळ्या लावून
उजवी पडते की डावी, बघत
आमचं घर किती वेळा बसलंय.
फक्त हा कौल
ती पोटात यायच्या क्षणीच पडलाय.
आम्ही नुसतं वाचायला चाललोय.

रात्री ती झोपल्यावर
तिच्या टाचा चाचपल्या.
बारीक वाटल्या. पण माझ्याही
त्या वयात बारीकच असतील.

सकाळी साखळीच्या लॅबमध्ये
मुलाने नळीवर तिचं नाव लिहिलं,
शा मोठा, बाकीचं मावेना.
सुई निघाली तशी तिने कापूस दाबून विचारलं,
दुपारी बांगडे आहेत ना?
आहेत, मी म्हटलं.
आणि तिच्या सँडलचा पट्टा
एक भोक सैल केला, उगीचच.